सिडकोला आधी दोरी लावा

नवीन नाशिक असं कागदावर लिहायचं आणि तोंडानं सिडको म्हणायचं, अशी ही नाशिकमधली कामगारवसाहत. तिच्या भवितव्याची चर्चा निघाली की दोन वाक्यांत संपते. पहिलं वाक्य गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू भागाच्या दिशेनं येतं: सगळा पसारा पाडा आणि टॉवर बांधा. दुसरं निवडणुकीच्या सभेत ऐकू येतं: एका विटेलाही हात लावू देणार नाही, सगळं नियमित करून घेऊ. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण दोन्हींमागे आळस एकच आहे. गल्लीत उतरून मोजमाप घ्यायचं कुणालाच नाही. सिडकोतली घरं वाढली हा गुन्हा नव्हता. ती प्लॉटच्या हद्दीबाहेर सरकली, आणि खालच्या भिंतीला झेपेल का याचा विचार न करता वर चढली, तिथे चूक झाली. म्हणून वसाहत पाडायचं कारण नाही आणि सरसकट माफीचंही नाही. गल्ली घ्यावी, मोजावी, हद्दीबाहेरचं काढावं, हद्दीतलं भक्कम असेल ते कायदेशीर करावं आणि कच्चं असेल ते मालकाकडून दुरुस्त करून घ्यावं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात भूमिपूजनाचा फोटो निघत नाही. कदाचित म्हणूनच त्याबद्दल कुणी बोलत नाही.

ही वसाहत कुणासाठी झाली, हे आधी आठवायला हवं. सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, मार्च 1970 मध्ये स्थापन झालं ते नवी मुंबई वसवायला. पुढे औरंगाबाद, नांदेड आणि नाशिकची कामं त्याच्याकडे आली. नाशिकला तेव्हा सातपूरची औद्योगिक वसाहत फोफावत होती, पाठोपाठ अंबडची आली. कारखान्यांना माणसं हवी होती आणि त्या माणसांना घरं. मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडी, अंबड या गावांच्या शिवारात एकामागून एक सहा योजना उभ्या राहिल्या आणि घरांचा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास पोहोचला. अत्यल्प, अल्प आणि मध्यम उत्पन्न गट अशी त्यांची प्रतवारी होती. पत्त्यात आजही एन-41, एन-42 असे आकडे लागतात. बाहेरच्या माणसाला ते कोडं वाटतं, पण टपालवाल्याला त्यावरून गल्ली कळते आणि जुन्या रहिवाशाला ते घर मुळात केवढं होतं तेही कळतं. घरं मिळाली ती मात्र भाडेपट्ट्यानं. त्यामुळे विकायचं, वारसाच्या नावे करायचं, वाढवायचं, प्रत्येक वेळी महामंडळाचा ना-हरकत दाखला आला. त्यात 1982 साली महापालिका झाली आणि दारात दोन यजमान उभे राहिले. जमीन एकाची, परवानगी दुसऱ्याची. अशा व्यवस्थेत साधी खोली वाढवायची तर सरळ वाट कोणती होती, हे आज पाडापाडीची भाषा करणाऱ्यांनी सांगावं.

लहान घरं मुळात एक खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि संडास, समोर थोडी मोकळी जागा, एवढीच. कारखान्यात नुकताच चिकटलेला तरुण आणि त्याची बायको एवढ्यांना ते पुरेसं होतं. पुढे दोन मुलं झाली, गावाकडून आई-वडील आले, धाकटा भाऊ आयटीआयला आला. घर वाढणं अटळ होतं. वाढीचा क्रमही गल्लीगल्लीत सारखाच दिसतो. आधी पुढच्या मोकळ्या जागेवर पत्रे पडतात, मग तिथे भिंत येते. मागची मोकळी पट्टी न्हाणीघरात जाते. बोनस किंवा फंडाचा पैसा हाती आला की स्लॅब पडतो, लोखंडी जिना बाहेरून लागतो. मुलाच्या लग्नाच्या आधी वरची खोली होते, तिला गॅलरी निघते, आणि दहा वर्षांनी त्या गॅलरीलाच खिडकी बसून तिची खोली होते.

याला बेशिस्त म्हणायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. घर पुढे वाढणार हे धरून वसाहत आखण्याची कल्पना आपल्याकडे तेव्हाही होती आणि ती याच महामंडळाच्या घरात होती. ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आर्टिस्ट व्हिलेज आखलं. पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे प्लॉट, सात-सात घरांच्या मध्ये एक अंगण, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत मुद्दामच नाही, म्हणजे ज्याला वाढवायचं त्यानं आपलं आपण वाढवावं. इंदूरला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आरण्य वसाहतीत सर्वांत गरिबांना पस्तीस चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं आणि पाणी-संडासाची सोय दिली. बाकीचं घर माणसानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. त्या वसाहतीला 1995 साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. म्हणजे आर्किटेक्टच्या नकाशावर घर वाढलं तर त्याचं कौतुक होतं आणि सिडकोतल्या पवननगर-उत्तमनगरमध्ये गवंड्याच्या हातून वाढलं तर ते अतिक्रमण ठरतं. फरक आहे, पण तो वाढण्यात नाही. वाढ कुठवर आणि कशाच्या आधारावर, हे बेलापूरला आणि इंदूरला आधी ठरवलेलं होतं. इथे कुणीच ठरवून दिलं नाही.

आता या वाढीव घरांना विरोध करणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण त्यांच्यातले शहाणे लोक चूक बोलत नाहीत. त्यांचा पहिला मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि सिडकोचं प्रेम असणाऱ्यांनी तो सर्वांत आधी मान्य केला पाहिजे. पाच इंच जाडीच्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या पुढे जातं. पंचवीस चौरस मीटरचा एक स्लॅब म्हणजे सुमारे आठ टन. नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत धावत्या मीटरला तेराशे-चौदाशे किलो भरते. वर हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन. हे सगळं उतरतं ते एका मजल्याच्या हिशेबानं बांधलेल्या भारवाहक भिंतीवर आणि तिच्या उथळ पायावर. त्यात तळमजल्यावर गाळा काढायचा म्हणून पुढची भिंत तोडून गर्डर टाकलेला असतो आणि शटर बसवलेलं असतं. म्हणजे वरचं ओझं तिप्पट झालं आणि खालची भिंत निम्मी राहिली. गर्डरच्या टोकाखाली काँक्रीटचा बेडब्लॉक, म्हणजे भार पसरवणारा ठोकळा, नसेल तर सगळा भार दोन-चार विटांवर येतो आणि त्या कोपऱ्यात उभी भेग पडते. ती पुट्टी भरून रंगवली जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा दिसते.

सामाईक भिंतीचं दुखणं वेगळं. नऊ इंची भिंतीत इकडून एकानं तुळई घातली, दोन वर्षांनी तिकडून शेजाऱ्यानं घातली. दोन्हींची टोकं मध्ये भिडतात आणि त्या जागी भिंत नावालाच उरते. दोन घरांच्या स्लॅबच्या पातळ्या वेगळ्या असल्या की सांध्यात पाणी मुरतं, सळईला गंज धरतो, गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट पोपडे होऊन पडतं. आणखी एक धोका फार जणांना ठाऊक नसतो. एखादा शहाणा मालक म्हणतो, आपण जुन्या भिंतींवर विसंबायचं नाही, कॉलम उभे करू. बरोबरच आहे. पण कॉलमच्या खड्ड्यासाठी तो सामाईक भिंतीलगत पाच-सहा फूट खोल सलग खोदतो, शेजाऱ्याचा पाया उघडा पडतो, खाली काळी माती असली तर एका पावसात ती सरकते, आणि नियम पाळणाऱ्याच्या कामानं न पाळणाऱ्याचं घर फाटतं. असं खोदकाम तुकड्या-तुकड्यानं करायचं असतं. चार फूट लांबीचा तुकडा खोदायचा, भरायचा, मग एक टप्पा सोडून पुढचं घ्यायचं. ठेका चौरस फुटावर दिलेला असला की मिस्त्रीला तेवढा धीर कुठून असणार?

दुसरा मुद्दा सार्वजनिक जागेचा. मागच्या बाजूनं ड्रेनेजची लाइन जाते, त्यावर चेंबर असतात. मागची न्हाणी वाढली की चेंबर तिच्या फरशीखाली जातं. लाइन तुंबली की सफाई कामगाराला वरच्या चेंबरमधून खालच्या चेंबरपर्यंत कांब घालायची असते, पण मधली तीन चेंबरच सापडत नाहीत. भरीस भर म्हणून गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं. सहा इंची पाइप मैलापाण्यापुरता टाकलेला; जुलैच्या एका जोरदार सरीत तो भरतो आणि पाणी उताराच्या शेवटच्या घराच्या संडासातून वर येतं. त्या शेवटच्या घरानं कदाचित एक वीटही वाढवलेली नसते. पुढच्या बाजूला गॅलरी विजेच्या तारांकडे सरकते. कमी दाबाच्या तारेपासून आडवं अंतर निदान 1.2 मीटर असावं असा नियम आहे, आणि गॅलरीत ओला टॉवेल झटकणाऱ्या बाईला तो माहीत असण्याची अपेक्षा करता येत नाही. गल्लीत दोन्हीकडून पायऱ्या, ओटे, उभ्या गाड्या. रुग्णवाहिका चौकातच थांबते, अग्निशमनचा बंब तर त्याहूनही लांब. हे सगळं खरं आहे. तिसरा मुद्दा न्यायाचा, आणि तो सर्वांत बोचरा: ज्यानं परवानगीसाठी खेटे घातले, आर्किटेक्टची फी भरली आणि जेवढं मंजूर झालं तेवढंच बांधलं, तो मूर्ख ठरणार का?

पण हे तिन्ही मुद्दे मान्य करूनही टॉवरचं समर्थन होत नाही. साधा हिशेब करू. समजा एका गल्लीत चोवीस घरं आहेत आणि प्रत्येकाचा प्लॉट छत्तीस चौरस मीटरचा. एकूण जागा 864 चौरस मीटर. तळ अधिक दोन मजले झालेल्या घरात आज सरासरी नव्वद चौरस मीटर वापरात आहे. म्हणजे प्लॉटच्या अडीच पट चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) वापरलं गेलेलंच आहे. चोवीस घरांचे होतात 2,160 चौरस मीटर. रहिवाशाला निदान आहे तेवढं द्यायचं आणि बिल्डरला विकायला काही उरवायचं, तर चौपट चटईक्षेत्र लागेल, म्हणजे सुमारे 3,450. उरलेल्या तेराशे चौरस मीटरमधून त्यानं बांधकामाचा खर्च, सगळ्यांचं दोन-तीन वर्षांचं भाडं आणि नफा काढायचा. निघत नाही. मग एक तर रहिवाशाचं क्षेत्र कापलं जातं, नाही तर आणखी गल्ल्या जोडून इमारत उंच केली जाते. उंच इमारतीला जिने, लिफ्ट, पाण्याची भूमिगत टाकी, बंब फिरायला मोकळी जागा आणि पार्किंग लागतं. ते त्या चिंचोळ्या पट्टीत मावत नाही. आणि घरं चोवीसची साठ झाली तर घरात पाच माणसं आणि माणशी 135 लिटर धरून पाण्याची गरज दिवसाला सोळा हजार लिटरवरून चाळीस हजारांवर जाते. आजची लाइन तुंबते म्हणून घरं पाडायची आणि त्याच लाइनवर अडीचपट माणसं आणून बसवायची, याला नियोजन म्हणायचं का?

शिवाय या घरांचा तळमजला हा केवळ राहण्याचा मजला नाही. सिडकोतल्या निवृत्त कामगाराचं उत्पन्न काय असतं? ईपीएस-95 या भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन आजही महिना हजार रुपये आहे, आणि बऱ्याच जणांना त्याहून थोडंच जास्त मिळतं. घर चालतं ते पुढच्या गाळ्यातल्या पीठगिरणीवर, शिलाईवर, शिकवणीवर, अंबडच्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागलेल्या पोरांच्या मेसवर आणि वरच्या खोलीच्या भाड्यावर. टॉवरमधल्या सातव्या मजल्यावर पीठगिरणी चालत नाही, आणि लिफ्ट-वॉचमनचा देखभाल खर्चच महिना दोन-अडीच हजार येतो. असं घर कागदावर जास्त किमतीचं होतं आणि मालक मात्र गरीब होतो. मग तो ते विकतो आणि पाथर्डी फाट्याच्याही पुढे जाऊन पुन्हा एक खोली बांधतो.

मुंबईनं हे एकदा पाहिलेलं आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट, कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची, हा हेतू चांगलाच होता. पण पाडलेल्या चाळींतले बहुतेक लोक नव्या घरांत गेले नाहीत. ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. गर्दी कमी झाली नाही, फक्त सरकली. पुढे 1914 साली हिंदुस्थानात आलेल्या स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शहराशहरांत हिंडून नेमका याच्या उलटा सल्ला दिला: जपून शस्त्रक्रिया करा, म्हणजे जिथे अडतंय तेवढंच काढा, बाकीचं अंग शाबूत ठेवा. इंदूरच्या त्यांच्या अहवालाला शंभर वर्षं उलटून गेली आणि आपण अजून करवत की मलम एवढ्यावरच वाद घालतोय.

वसाहतीतलं माणूसपण हा भावनिक मुद्दा आहे असं म्हणून तो बाजूला ठेवतात. ठेवू नये, कारण तोही मोजता येतो. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातून आलेली माणसं इथे मोठ्या संख्येनं आहेत. भाजीच्या गाडीशी अहिराणी कानावर पडते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे होतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेऊन रोट करायचे, ते भाऊबंदकीत खायचे, रात्रभर गाणी. याला चार भाऊ हाकेच्या अंतरावर लागतात, दारापुढे मंडप पडेल एवढी गल्ली लागते आणि सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन बाहेर पडायला जमिनीवरचं दार लागतं. हेच नातं आजारपणात रात्री दोन वाजता रिक्षा काढतं आणि लाइट गेली की शेजारच्या मीटरवरून वायर देतं. (ही शेवटची गोष्ट महावितरणनं वाचली नाही तर बरं.) या भागात गाड्यांची तोडफोड आणि टोळक्यांची दादागिरी होते, हे कुणी नाकारत नाही. पण ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं उचलून सातव्या मजल्यावर नेली तर खाली लक्ष ठेवायला कोण उरणार?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण सरसकट नियमित करा म्हणणाऱ्यांना सहानुभूती सहज मिळते आणि प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या माफीचा इतिहास काय सांगतो? परवानगीशिवाय पाडलेल्या गुंठ्या-गुंठ्याच्या प्लॉटवरची बांधकामं नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 साली आला तेव्हा 1 जानेवारी 2001 पर्यंतचंच बांधकाम धरलं जाणार होतं. 2021 च्या दुरुस्तीनं ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर गेली. झोपडपट्टीला संरक्षण देण्याची मुदत 1995 वरून 2000 वर आणि तिथून 2011 वर सरकली. प्रत्येक मुदत जाहीर होते तेव्हा शेवटची असते. लोक मूर्ख नाहीत. ते पुढच्या मुदतीसाठी आजच स्लॅब टाकतात. शिवाय माफीच्या दाखल्यानं भिंतीची ताकद वाढत नाही. दंड भरून नियमित झालेली भेग ही भेगच असते. उलट, दाखला मिळाल्यावर मालक ती तपासून घेण्याची शक्यताच संपते. 2018 मध्ये महापालिकेनं इथल्या वाढीव बांधकामांवर खुणा करायला सुरुवात केली तेव्हा संताप उसळला आणि मोहीम थांबली. संताप समजण्यासारखा होता, कारण ओट्याची पायरी आणि ड्रेनेजवरची खोली एकाच मापानं मोजली जाणार अशी भीती होती. पण मोहीम थांबली ती तिथेच. त्यानंतर कोणत्या खुणा बरोबर होत्या हे शोधायचं राहून गेलं.

मग करायचं काय? एक गल्ली घ्यायची. महामंडळाकडचा मूळ आखणीचा नकाशा काढायचा, दोन्ही टोकांना मूळ हद्दीच्या खुणा शोधायच्या आणि पुढून एक, मागून एक अशी दोरी ताणायची. दोरीच्या बाहेर जे आहे ते सगळ्यांना एकदम दिसतं. त्याला नोटिशीची भाषा लागत नाही. ओळंबा सोडला की वरची गॅलरी किती पुढे आली आहे तेही इंचात कळतं. बाहेरचं काढायचं, पण तेही क्रमानं. आधी चेंबरवरची आणि तारेजवळची बांधकामं, कारण त्यात जीव जातो. ओटे आणि पायऱ्या शेवटी. आणि एका दिवशी सबंध गल्लीचं. एकाचं पाडून शेजाऱ्याचं ठेवलं की दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली नगरसेवकाच्या दारात असते, आणि असायलाच हवी.

आतल्या बांधकामाची तपासणी फार महाग नाही. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून तारीख टाकायची. दोन-तीन महिन्यांत पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. भिंतीलगत दोन फूट रुंद खड्डा घेऊन पाया किती खोल आणि कशावर बसलाय ते डोळ्यांनी पाहायचं. स्लॅबचा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थेलीनचा थेंब टाकायचा. गुलाबी झाला तर सळईभोवतीचं काँक्रीट अजून तिला जपतंय, रंग आला नाही तर गंज लागायला वाट मोकळी आहे. यावरून घराची तीन गटांत विभागणी करता येते: आहे तसं चालेल, गर्डरखाली बेडब्लॉक किंवा भिंतीला आधार देऊन चालेल, वरचा मजला उतरवावाच लागेल. तिसऱ्या गटातल्या मालकाला निव्वळ नोटीस देऊन चालणार नाही. त्याला दुरुस्तीसाठी कर्ज हवं आणि कर्जासाठी घर त्याच्या नावावर स्वच्छ हवं. म्हणून मुक्तमालकी (भाडेपट्ट्याऐवजी पूर्ण मालकी) आणि तपासणीची सक्ती या दोन गोष्टी एकमेकींना बांधायला हव्यात: दाखला दाखवा, मालकी घ्या. परवानगीनं बांधणाऱ्याला या व्यवहारात एक पैसाही भरावा लागू नये, बाकीच्यांनी क्षेत्राप्रमाणे शुल्क भरावं, आणि ते शुल्क तिजोरीत न जाता त्याच गल्लीच्या ड्रेनेजवर खर्च व्हावं. निदान तिसऱ्या मुद्द्यातल्या त्या प्रामाणिक माणसाला तरी मूर्ख ठरल्यासारखं वाटणार नाही.

पार्किंगचा प्रश्न यानं सुटत नाही, हे कबूल. दोरीबाहेरचं निघाल्यावर गल्लीत एका बाजूला दुचाकी लागतील, चारचाकी नाही. वसाहतीत मोकळे सोडलेले आणि आज कचऱ्यानं किंवा टपऱ्यांनी भरलेले भूखंड त्यासाठी वापरता येतील, रात्रीपुरते आणि पैसे घेऊन. गाडी दारातच हवी हा हट्ट मात्र सोडावा लागेल. चौदा-सोळा फुटांच्या गल्लीत घर, ओटा आणि मोटार तिन्ही मावत नाहीत, आणि कारखान्याला सायकलवर जाणाऱ्यांसाठी आखलेली गल्ली यापुढे रुंद होणार नाही.

कामाचा हंगाम मात्र जपायला हवा. दिवाळी झाली की मोजणी सुरू करावी, थंडीत खड्डे घेऊन पाया पाहावा, उन्हाळ्याच्या तोंडावर चेंबर उघडावीत आणि फुटके पाइप बदलावेत. आखाजीच्या आत मलबा उचलला गेला पाहिजे. जूनमध्ये उघडं पडलेलं चेंबर हे दुसरंच संकट असतं, आणि श्रावणातल्या त्या रविवारी गल्लीत मंडप पडायचा असतो.